बाटली कोणी उघडली

पाहुण्यांनी एक वाजता येतो म्हणून कळवलं होतं आणि ते एक वाजताच आले. कुठेतरी पाणी मुरतंय, असं जहांआराआपांना तिथेच वाटलं. शारजाच्या अल नहदात रविवारी दुपारी गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. तरीही जो घड्याळ लावून बेल वाजवतो, त्याचं काम मोठं असतं.

आपा अकरालाच अल मजाजहून मुनीरकडे येऊन बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे उभ्या होत्या, ओट्याशी. मुनीर त्यांचा धाकटा भाऊ, फ्लॅट त्याचा, भाडं त्याचं. पण आपा आल्या की स्वयंपाकघर त्यांचं. हा नियम कोणी कधी ठरवला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कोणाला माहीत नव्हतं. मुनीरची बायको अबेना अशा वेळी शांतपणे बाजूला होऊन कांदे चिरायला घ्यायची. वीस वर्षांपूर्वी ती दोन मुलं घेऊन घानातल्या अक्राहून शारजाला आली, त्या दिवशीही तिने कांदेच चिरले होते.

"किती माणसं म्हणालीस?" आपांनी सुरमईच्या कालवणाचं झाकण उचलत विचारलं.

"दोन, आपा."

"आणि काम काय?"

"ते सांगतील." अबेनाचं मराठी सासरचं, बाणकोटचं होतं, पण बाणकोटच्या मराठीत एवढी कमी वाक्यं आपांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकली नव्हती.

आपांनी मनात अंदाज बांधून ठेवले होते. पहिला टाइल्सचा. अबेनाचे लोक क्वाहू, म्हणजे घानातल्या आकानांची डोंगरकड्यावर राहणारी शाखा. जातीचे दुकानदार. हातात पैसा आला की आधी कड्यावर बंगला बांधायचा, त्याला कुलूप लावायचं आणि अक्राला दुकानावर परत जायचं. वर्षातून एकदा ईस्टरला चार दिवस सगळ्या बंगल्यांत दिवे लागतात. मुनीरने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आपा म्हणाल्या होत्या, "म्हणजे बाणकोटच की." गेल्या वर्षी आपांच्या शोरूममधून त्या बंगल्यांसाठी टाइल्सचे दोन कंटेनर गेले होते. तिसरा जायला हरकत नव्हती.

दुसरा अंदाज, कोणाच्या तरी पोराचा व्हिसा. तो नको होता.

तिसरा यहयाचा. अबेनाचा थोरला भाऊ त्यांच्या गावचा मुखिया होता, तो गेल्या वर्षी वारला. तिकडे मामाची गादी मुलाला जात नाही, बहिणीच्या मुलाला जाते, एवढं आपांना तीस वर्षांत पाठ झालं होतं. मामा गेला होता आणि भाचा यहया हॉलमध्ये सोफ्यावर बसून फोन बघत होता. बत्तीस वर्षांचा, इन्शुरन्समध्ये, चौथी नोकरी. त्याला मागायला आले असतील तर आपा आधी नाही म्हणणार होत्या, मग विचार करू म्हणणार होत्या, आणि मग सोडणार होत्या. यहयाचा तोटा सोसण्यासारखा होता.

बेल वाजली तेव्हा दार यम्नाने उघडलं. यहयाची धाकटी बहीण, एकोणतीस वर्षांची. तिने आज साडी नाही, पंजाबी ड्रेस नाही, आईचं छापील कापड गुंडाळलं होतं. आपांनी ते पाहिलं आणि पाहुणे आहेत म्हणून असेल, असं म्हणून सोडून दिलं. पुढे त्यांनी स्वतःला सर्वात जास्त बोल लावला तो याच गोष्टीसाठी.

आलेल्यांत एक ऐंशीच्या घरातली बाई होती, अबेनाची मावशी अफुआ. काळ्या-पांढऱ्या कापडात, ताठ, आणि तोंड मिटलेलं. दुसरा ओपानिन क्वाकू, निवृत्त इतिहासाचा मास्तर, काडीसारखा. त्याच्या हातात लांब दांड्याची छत्री होती.

"नोव्हेंबरात छत्री?" आपांचा मुलगा राहिल हळूच म्हणाला.

"तो मावशीचा बोलका आहे," यम्ना म्हणाली. "तिचं म्हणणं तोच सांगतो. हातात मुठीची काठी असायला हवी. विमानात हातात ठेवू देईनात, म्हणून छत्री."

आपांना हे आवडलं. बाणकोटातही पैगाम घेऊन येणारा माणूस वेगळाच असे. नवऱ्या मुलाचा बाप मुका असल्यासारखा बाजूला बसे, म्हणजे उद्या फिसकटलं तर कोणी कोणाला काही बोललं नाही असं म्हणता यावं. धंद्यातही त्या हेच करत. नाही म्हणायचं असलं की राहिलला पाठवत.

सलाम-दुआ झाली. क्वाकूने पिशवीतून दोन मोठ्या बाटल्या काढून टीपॉयवर ठेवल्या. काळपट माल्ट, बिनदारूचं, रमजानात मुलं पितात तसलं. गळ्याला लाल रिबन.

"खरं तर याला दुसरं पेय लागतं," क्वाकू इंग्रजीत म्हणाला, "पण हे शारजा आहे आणि घर मुसलमानांचं. म्हणून आम्ही हे आणलं. आम्ही एक शब्द घेऊन आलोय. शब्दाच्या आधी हे."

आपांनी बाटल्यांना हात लावून पाहिला. गरम होत्या. बाहेर गाडीत तापल्या असणार. एक बाटली दहा दिरहमच्या खाली नाही, म्हणजे आपले दोनशे चाळीस रुपये. आणि माणसं एवढ्या लांबून आलेली. पाहुण्याने आणलेलं त्याच बैठकीत त्याच्यापुढे ठेवायचं, नाही तर घर हावरट दिसतं. आपांच्या आईची ही रीत होती, आपांची होती, आणि मुनीरच्या घरात तीच चालायची.

"बसा, बसा. आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या आणि दोन्ही बाटल्या बगलेत मारून आत गेल्या.

अबेना दारात उभी होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि वाटेतून बाजूला झाली.

जेवण उत्तम झालं. तांदळाच्या रोट्या, कालवण, अबेनाचा टोमॅटोचा तिखट भात, शेवटी नारळाच्या दुधातली सांदणं. मावशीने सांदण चार वेळा घेतलं, हे आपांनी मोजलं. मग आपांनी फ्रीजमधली एक बाटली काढली, रिबन सोडून ओट्यावर ठेवली, झाकण उघडलं आणि नऊ ग्लास भरून ट्रे बाहेर आणला. स्वतःचा ग्लास त्यांनी भरला खरा, पण तोंडाला लावला नाही. त्यांना साखर होती. तो टीपॉयच्या कोपऱ्यावर तसाच राहिला.

मावशीने ग्लास हातात घेतला. आधी तिने आपांकडे पाहिलं, मग अबेनाकडे. मग ती उभी राहिली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. क्वाकूने छत्री जमिनीवर आपटली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. यहयाच्या आठ वर्षांच्या मुलीने, एमाननेही वाजवल्या. तिला टाळ्यांना कारण लागत नसे.

"काय झालं?" मुनीर म्हणाला.

"माल्ट आवडलं," आपा म्हणाल्या.

क्वाकूने घसा साफ केला आणि तो मास्तरासारखा सुरू झाला. आमचं घर, तो म्हणाला, कड्यावर आलं तेव्हा कड्यावर फक्त धुकं होतं. खाली जंगल, वर आम्ही. मग शेजारच्या असांते राज्याची सत्ता आली. त्यांचा माणूस आमच्यात येऊन राहिला. रबर विका, मणी विका, मीठ विका, त्यांचा वाटा आधी बाजूला. अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला आमच्या लोकांनी ते जू उतरवलं. लोक सांगतात सरदारांनी उतरवलं. आमच्या घरात सांगतात, सरदार चार दिवस नुसते बसले होते. पाचव्या दिवशी घरातल्या म्हातारीने विचारलं, तुम्हाला बसायला चौरंग मी दिला तो कशासाठी?

"गादी म्हणजे चौरंग," यम्नाने आपांच्या कानात सांगितलं. "लाकडी. कोरलेला."

पुढे कोको आला, क्वाकू म्हणाला. कोकोचा पैसा घेऊन आमची माणसं अक्राला गेली आणि दुकानं टाकली. एकोणीसशे पासष्टच्या धरणाने कड्याखालची जमीन तळ्यात गेली, तेव्हा ज्यांची दुकानं होती ते तरले. एकोणऐंशीत लष्कराची माणसं बाजारात शिरली, भाव जास्त लावला म्हणून दुकानदारांना चारचौघांत फटके मारले. अबेनाच्या मामाच्या पाठीवर वळ होते, ते मरेपर्यंत होते. तेव्हाही घर मोडलं नाही. का? कारण जमीन विकायला मुखियाची सही पुरत नाही. राजमातेची खूण लागते. राजमाता म्हणजे राजाची आईच असेल असं नाही. घरातली ती बाई, जी मुखिया कोण हे सांगते. तिने नाव घेतल्याशिवाय चौरंगावर कोणी बसत नाही.

"आमची राजमाता चौदा महिन्यांपूर्वी गेली," क्वाकू म्हणाला. "मुखिया त्यानंतर गेला. दोन्ही जागा रिकाम्या आणि कड्यावर हॉटेलवाले मोजपट्टी घेऊन फिरतायत. घरातले तीन पुरुष विकायला तयार. तिघांनाही मुखिया व्हायचंय."

आपांनी राहिलकडे विजयी नजर टाकली. आता यहयाचं नाव येणार. यहयाने फोन खाली ठेवला आणि केसांवरून हात फिरवला.

"म्हणून आधी राजमाता हवी. बापाच्या घराला विचारल्याशिवाय आम्ही मूल उचलत नाही. रक्त आमचं, पण जीव बापाने दिला. आम्ही पेय ठेवलं. तुम्ही ते उचललंत, उघडलंत, आम्हाला पाजलंत. शब्द ऐकायच्या आधीच! असा मोठ्या मनाचा बाप आम्ही पाहिला नाही." क्वाकूने मुनीरपुढे मान झुकवली. "आमची यम्ना आम्हाला दिलीत."

मुनीरने आधी यम्नाकडे पाहिलं, मग आपांकडे.

"यहया नाही?" यहया म्हणाला.

"इज यम्ना फुफी अ क्वीन नाउ?" एमानने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता यम्नाच्या मांडीवर जाऊन बसली.

आपांनी "एक मिनिट" म्हणून अबेनाला स्वयंपाकघरात नेलं. मागून मुनीर, राहिल आणि शेवटी यम्ना आले. यहयाला पाहुण्यांपाशी ठेवलं. तसाही तो दुखावला होता आणि दुखावलेला यहया चांगलं आदरातिथ्य करायचा.

"तुला माहीत होतं?" आपांनी अबेनाला विचारलं.

"हो."

"पेय उघडलं की होकार, हे?"

"हो, आपा. नको असेल तर बाटली तशीच परत द्यायची असते."

"आणि तू गप्प बसलीस!"

"तुम्ही बाटल्या उचलून आत आलात," अबेना म्हणाली. "तुमच्या हातातून मी कधी काही घेतलंय?"

हे खरं होतं, म्हणून आपांना ते जास्त लागलं. वीस वर्षं बाई कांदे चिरत होती आणि आपण समजत होतो की ती कांदे चिरतेय.

"आपा, शांतपणे," मुनीर म्हणाला. "पण अबेना, मुसलमान पोर त्या चौरंगावर? तिथे जमिनीवर दारू ओततात. मी काय तोंड दाखवू?"

"ओतणारा माणूस वेगळा असतो. आधीची राजमाता चर्चला जायची. तिनेही कधी ओतलं नाही. मी हे सगळं विचारून घेतलंय."

"म्हणजे तूच तिचं नाव दिलंस?"

"आधी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझं वय झालं, आणि तू माझ्याशिवाय गोळ्या घेत नाहीस. लंडनची भाची यायला तयार नाही. राहिली यम्ना."

"येत्या शुक्रवारी तिची आणि राहिलची मंगनी आहे!" आपा म्हणाल्या. "अंगठी आणलीय. राहिल, सांग ना काहीतरी."

राहिल फ्रीजला टेकून उभा होता. चौतीस वर्षांचा, शोरूमच्या व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजिंग पार्टनर. कार्डावरचं नाव राहिलचं आणि कार्डामागचं डोकं यम्नाचं, हे रास अल खैमाच्या टाइल्सच्या फॅक्टरीतला चहावालाही जाणत होता. आपांनी हे लग्न जुळवलं ते काही राहिलला बायको हवी म्हणून नव्हे. शोरूमला वारस हवा होता, आणि यम्ना दुसऱ्या घरी गेली असती तर शोरूमही हळूहळू तिच्या मागे गेलं असतं.

"मंगनीला त्यांचा प्रॉब्लेम नाहीये," यम्ना म्हणाली. "आतेभावाशी लग्न त्यांच्यातही चांगलं समजतात. राहिल तिकडे येऊ शकतो."

"मी? तिकडे?" राहिल फ्रीजपासून सरळ झाला.

"आणि मुलं?" आपांनी विचारलं.

"मुलं आईच्या घरची."

आपा ओट्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे नातू झाला, शोरूमची किल्ली ज्याच्या हातात द्यायची तो झाला, तरी तो त्या कड्यावरचा. त्यांनी आयुष्यात बरेच सौदे केले होते, पण एका बाटलीत भावाची मुलगी, होणारी सून आणि न झालेला नातू देऊन बसण्याचा हा पहिलाच.

"तुला जायचंय?" त्यांनी यम्नाला विचारलं. हा प्रश्न त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"फुफी, रागावणार नसाल तर सांगू का?"

"रागावेन. सांग."

"इथे मी आधी अब्बांच्या व्हिसावर होते. मग तुमच्या कंपनीच्या. लग्नानंतर राहिलच्या. दर दोन वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी सही करतं. तिथे माझी खूण नसली तर तीन पुरुष मिळून एक एकर विकू शकत नाहीत." तिने गुंडाळलेल्या कापडाची गाठ घट्ट केली. "मला कागद वाचता येतात. तुम्हीच शिकवलंत. म्हणून त्यांना मी हवीय. आणि मला जायचंय."

आपा रागावल्या नाहीत, हे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं. पोरीने मुद्दे बरोबर क्रमाने मांडले होते.

"अम्मी," राहिल आवाज खाली आणून म्हणाला. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, पण तो आवाज खाली आणायच्या वयातच अडकला होता. "सिंपल आहे. खलास. पेय कोणासाठी होतं? बापाच्या घरासाठी. उघडलं कोणी? तू. तू कोण? सोलकर. निकाह झाला आणि तू सोलकरांची झालीस. मामूंच्या घराच्या वतीने तुला ॲक्सेप्ट करण्याचा राइटच नाही. मी खालून दोन नव्या बाटल्या आणतो, रिबन लावू, मामू त्या परत करतील. मॅटर क्लोज्ड."

मुनीरचा चेहरा उजळला. "बरोबर! आपा तर लग्न होऊन गेलेली. आपा या घरची कुठे?"

"शिवाय अम्मीने माल्ट प्यायलंही नाही. ग्लास तसाच आहे, मी बघितला."

अबेनाने प्रथमच मान वर केली. "उघडणाऱ्याने घोट घेतला नाही तर ते पुरं होत नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलू शकली असती. नाही बोलली, हेही आपांनी नोंदवून ठेवलं.

"मग? यल्ला!" राहिल म्हणाला. "तू फक्त बाहेर जाऊन म्हण, मी या घरची नाही. एक वाक्य, अम्मी."

एक वाक्य. आपांनी भावाकडे पाहिलं. मुनीर आशेने बघत होता, लहानपणी आपल्या वाटची खोबऱ्याची वडी खाऊन झाल्यावर त्यांच्या ताटाकडे बघायचा, अगदी तसा.

हे वाक्य त्यांनी आधी एकदा दिलं होतं. अब्बा गेले त्या वर्षी. मंडणगडला रजिस्ट्रारच्या कचेरीत लाकडी बाकावर तीन तास बसून. घर, आंब्याची बाग आणि खाडीकाठची जमीन यांत मुलीचाही वाटा होता, धर्माने होता, कायद्याने होता; पण बाणकोटात बहिणी वाटा घेत नाहीत, हक्कसोड करतात, आणि भाऊ त्यांना दर ईदला साडी पाठवतो. कारकुनाने कागद वाचून दाखवला होता. सदर मिळकतीशी लिहून देणारीचा काही संबंध उरला नाही. आपांनी सही केली, कारण मुनीर तेव्हा अक्रात कापडाच्या दुकानात सेल्समन होता, नवीन लग्न झालेलं, आणि त्याला गरज होती. साडी पहिली तीन वर्षं आली. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. वीस वर्षांपूर्वी त्याला इकडे आणला, नोकरी दिली, फ्लॅट बघून दिला आणि त्याच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. ओटा कोणाच्या नावावर करून घ्यावा लागत नाही.

"चला बाहेर," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये यहया पाहुण्यांना खिडकीतून दुबई कुठे सुरू होतं ते दाखवत होता. सगळे बसले. राहिलने मामूला कोपर मारली.

"एक छोटी मिस्टेक झालीय," मुनीर इंग्रजीत म्हणाला. "म्हणजे, गैरसमज. बाटली माझ्या बहिणीने उघडली. ती माझ्या घरची नाही. तिचं लग्न झालंय, ती तिच्या नवऱ्याच्या घरची. आमच्याकडे तसंच असतं. त्यामुळे, प्रोसेस म्हणून बघितलं तर—"

क्वाकूने छत्रीवर दोन्ही हात ठेवले आणि वाकून मावशीला सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ ऐकत होती. मग ती थोडंसंच बोलली. क्वाकूने त्याचं लांबलचक केलं, तो त्याचा धंदाच होता.

"आमच्या म्हातारीला हे कळत नाही," तो म्हणाला. "ती म्हणते, आमच्याकडे बहीण लग्न करते, पण बदलत नाही. नवरे येतात, नवरे जातात, बहीण आपल्या घराचीच असते. आम्हाला तर वाटलं, बापाच्या घराने पेय उघडायला घरातली थोरली बाई पुढे केली. आमच्यातही तसंच करतात. आम्हाला बरं वाटलं. पण रीत तुमची. ती तुमच्या रीतीने सांगा." त्याने आपांकडे वळून मान झुकवली. "म्हातारी भावाला नाही, बाईला विचारते. बाटली कोणी उघडली? आणि ती बाई या घरची आहे, की नाही?"

राहिल नजरेने म्हणत होता, एक वाक्य. मुनीर जमिनीकडे बघत होता. अबेना दारात होती, हात ओढणीत गुंडाळून. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं आणि आता आपांना त्या काहीही नसण्याची किंमत कळत होती. यम्नाच्या मांडीवर एमान झोपेला आली होती.

गंमत एवढीच होती की त्यांच्या स्वतःच्या रीतीने त्या या घरच्या नव्हत्या, आणि चार सांदणं खाऊन बसलेल्या या परक्या म्हातारीच्या रीतीने होत्या. पोर ठेवायची तर घर सोडून द्यायचं. घर ठेवायचं तर पोर.

"मुनीर," आपा मराठीत म्हणाल्या, "मंडणगडचा कागद तुझ्याकडे आहे का अजून?"

"कुठला कागद, आपा?" त्याला कुठला ते कळलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"असू दे."

त्या क्वाकूकडे वळल्या. दुकानातलं इंग्रजी होतं, पण बिलावर सही करताना लागतं तेवढं पक्कं होतं.

"बाटली मी उघडली," त्या म्हणाल्या. "हे माझ्या बापाचं घर. मी या घरची मुलगी आहे."

छत्री जमिनीवर आपटली नाही. क्वाकू थांबला होता. मावशीही थांबली होती. तिची नजर टीपॉयच्या कोपऱ्यावरच्या भरलेल्या ग्लासवर होती.

"अम्मी, शुगर!" राहिल म्हणाला. त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

"अगो यम्ना," आपांनी विचारलं, "तिकडे जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं कोण बघेल?"

"मीच बघेन, फुफी. तिकडून."

"दरमहा फोन करायचास. आणि कुठल्याही कागदावर खूण करायच्या आधी तो मला वाचून दाखवायचास. मग मी काहीही म्हणेन, तुला हवं तेच कर."

"इन्शाल्ला," यम्ना म्हणाली.

आपांनी ग्लास उचलला. माल्ट कोमट झालं होतं, फेस कधीच बसला होता, आणि ते भयंकर गोड होतं. पहिल्या घोटालाच पुरं झालं असतं. त्यांनी ग्लास रिकामा केला, ट्रेमध्ये उलटा ठेवला आणि अबेनाकडे वळल्या.

"दुसरी बाटली काढ फ्रीजमधून," त्या म्हणाल्या. "तू काढ. मी बसते जरा."